गाठोडं कुणापुढे सोडायचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

आपल्या वऱ्हाडात, खेड्यात नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कोन्या गावचा हायेस बावा? कोनाचा हायेस?’ नाव त्यानंतर, आणि काय करतोस हे तर फारच नंतर. समोर उभा असलेला माणूस दिसतोच आहे. आपल्याला त्याच्या मागचं हवं असतं. गाव, घराणं, सोयरे-धायरे, आणि जमलं तर एखादी झाकलेली गोष्टसुद्धा.

कथा-कादंबरी वाचताना आपण हेच करतो. एखादं पात्र विनाकारण गप्प असलं, एखाद्या गावाचं नाव निघताच विषय बदलत असलं, एखादी पेटी कुणाला उघडू देत नसलं, की आपण लगेच सावरून बसतो. याच्या मागे काहीतरी आहे! मी अकोल्याच्या एका महाविद्यालयात बरीच वर्षं मराठी शिकवलं, राहणं अमरावतीला. वर्गात मुलं एरवी खिडकीबाहेर बघत असली, तरी पाठीवर न सोडलेलं गाठोडं घेऊन आलेलं पात्र शिकवायला घेतलं की सगळी मान वर करत. आज मला त्या गाठोड्याविषयीच थोडं बोलायचं आहे.

रहस्यकथेत हे गाठोडं शेवटच्या प्रकरणात सुटतं. बाबुराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर आमची पिढी पोसली. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाचं नेमकं शेवटचं पान फाटलेलं निघालं की जी हळहळ व्हायची, ती आजही आठवते. त्या कथांमध्ये पात्राचा भूतकाळ म्हणजे कुलपाची किल्ली असते. किल्ली सापडली, कुलूप उघडलं, गोष्ट संपली. वाचक पुस्तक मिटून जेवायला मोकळा.

पण ज्या गोष्टी आपल्याला वर्षानुवर्षं सोडत नाहीत, त्यांत गुपित कळल्यावर खरी अडचण सुरू होते. महाभारतातला कर्णच घ्या. त्याच्या जन्माचं रहस्य श्रोत्यांना पहिल्यापासून ठाऊक असतं. कीर्तनकार ते लपवत नाही, तरी सभा हलत नाही. कारण प्रश्न ‘तो कोण’ हा नसून ‘हे त्याला कोण सांगणार, आणि केव्हा’ हा असतो. युद्धाच्या तोंडावर श्रीकृष्ण सांगतो, कुंती सांगते. तोवर फार उशीर झालेला असतो. पांडवांना तर ते युद्ध संपल्यावर, तिलांजली द्यायची वेळ आल्यावर कळतं. आणि तेव्हा धर्मराज काय करतो? आयुष्यभर ते ओझं एकटीनं वाहिलेल्या आईला जवळ घेण्याऐवजी समस्त स्त्रीजातीला शाप देतो की, यापुढे तुमच्या पोटात गुपित राहणार नाही. ‘बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही’ असं आपण हसत हसत म्हणतो तेव्हा तोच शाप पुढे चालवत असतो. कुंतीनं इतकी वर्षं का सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तिचं काय झालं असतं, हे मात्र धर्मराजानं विचारलं नाही.

न विचारता फाडून काढलेला भूतकाळ पाहायचा असेल तर विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवा. १९६७ साली ते रंगभूमीवर आलं. एका गावी प्रयोग करायला आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला भरतात. आरोपी म्हणून आपल्यातल्याच लीला बेणारे या शिक्षिकेला उभं करतात. खेळता खेळता तिचं खरं आयुष्य पिंजऱ्यात उभं राहतं. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली म्हणा. तिला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसांपैकी कुणाची वकिली चालत नाही, कुणी परीक्षेत नापास झालेला आहे, कुणाला मूल नाही. प्रत्येकाच्या काखोटीला स्वतःचं गाठोडं आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याचं सोडायची त्यांना इतकी घाई आहे. ज्या प्राध्यापक दामल्यांचा या प्रकरणाशी सर्वांत जवळचा संबंध, ते तर त्या दिवशी हजरच नसतात. गावोगावच्या चावडीवर, लग्नाच्या मांडवात, कार्यालयातल्या जेवणाच्या सुटीत असली कोर्टं आपण पाहिलेली आहेत. तिथेही दामले हजर नसतात.

या दोन्ही गोष्टी आपल्या गावापासून लांबच्या. आता जरा जवळ येऊ.

विश्राम बेडेकर हे नाव आपण पुण्या-मुंबईच्या नाटक-चित्रपटांशी जोडतो. पण त्यांचा जन्म १९०६ साली अमरावतीचा. चित्रपटाचं तंत्र शिकायला ते इंग्लंडला गेले होते. परतीच्या बोटीवरच्या अनुभवातून त्यांनी ‘रणांगण’ ही छोटीशी कादंबरी लिहिली. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली, म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी. युरोपातून निघालेल्या एका बोटीवर चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण आणि हॅर्टा नावाची जर्मन ज्यू तरुणी भेटतात. बोटीवर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू आहेत. हॅर्टाबरोबर तिची आई आहे, आणि मनात मागे राहिलेला कार्ल आहे. चक्रधरही मोकळ्या हातानं आलेला नाही. उमा नावाच्या मुलीवरच्या प्रेमाची जखम त्यानं आत गाडून टाकली आहे, आणि तिच्यापायी तो बायकांविषयी कडवट झाला आहे. वरवर मात्र बेफिकीर, मजा मारणारा.

या कादंबरीत मला नेहमी एक फरक जाणवतो. चक्रधरचा भूतकाळ त्याच्या खिशात आहे. तो दाखवायचा की नाही, हे त्याच्या हातात आहे. हॅर्टाला ही मुभाच नाही. १९३८च्या ऑक्टोबरपासून जर्मन सरकारनं ज्यूंच्या पासपोर्टवर लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का मारायला सुरुवात केली होती. १९३९च्या जानेवारीपासून ज्या ज्यूंचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांत बसत नव्हतं, त्यांतल्या बाईनं आपल्या नावापुढे ‘सारा’ आणि पुरुषानं ‘इस्राएल’ असं लावलंच पाहिजे, असा कायदा झाला. म्हणजे तुमचं गाठोडं सरकारनंच सोडून चौकात मांडलं. त्यात पाप काही नाही, गुन्हा नाही, फक्त जन्म आहे. पण प्रत्येक बंदरावरचा अधिकारी पहिल्यांदा तेच पान उघडणार. त्या काळात हजारो ज्यू शांघायला गेले. कारण तिथे उतरायला व्हिसा लागत नसे. जगाच्या नकाशावर माणसाला मागचं न विचारणारं एवढंच एक दार उरलं होतं.

बोटीवरच्या त्या थोड्या दिवसांत दोघं एकमेकांच्या जवळ येतात. मुंबई येते. तो उतरतो. ती उतरू शकत नाही; बोट तिला घेऊन पूर्वेकडे निघते. हॅर्टाचा शेवट समुद्रात होतो. कादंबरी वाचून झाल्यावर वर्गात एक प्रश्न हटकून यायचा, ‘सर, त्यानं तिला उतरवून का नाही घेतलं?’ मी उत्तर देत नसे. तो प्रश्न मुलांनी घरी घेऊन जावा असं मला वाटायचं. एखाद्याचं दुःख ऐकणं ही एक गोष्ट, आणि ऐकल्यावर आपल्यावर काही येऊन पडतं हे ओळखणं ही दुसरी. ही कादंबरी आपल्याला त्या दुसऱ्या गोष्टीपाशी आणून सोडते.

बेडेकरांच्याच घरात आणखी एक लपलेली व्यक्ती होती. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावानं आला. शिकलेल्या, कमावत्या, वयात येऊनही लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे लिहिलं होतं. महाराष्ट्रात गदारोळ उडाला. आणि लोकांनी काय केलं? त्या मुली काय म्हणताहेत ते ऐकायचं सोडून, ही बाई कोण, याचा शोध सुरू केला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न झाल्यावर मालतीबाई बेडेकर. टोपणनाव घेतलं नसतं तर त्या कथा लिहिल्या गेल्या असत्या का? मला शंका आहे. कधी कधी खरं बोलण्यासाठीच तोंडावर पदर घ्यावा लागतो.

याच मालतीबाईंनी पुढे सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केलं आणि त्या अनुभवावर १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. तारेच्या कुंपणातली माणसं. गुन्हा करो न करो, जन्मतः गुन्हेगार. इंग्रजांनी १८७१ साली केलेला तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला. गावाच्या डोक्यातला गेला का? आपल्या अमरावती-अकोला जिल्ह्यांत पारध्यांचे बेडे आहेत. गावात चोरी झाली की पहिली जीप कुठे वळते, हे मी सांगायला नको. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिचं नाव ‘प्रश्नचिन्ह’. मला हे नाव फार अर्थपूर्ण वाटतं. ज्यांना आयुष्यभर फक्त प्रश्न विचारले गेले, त्यांनी तो प्रश्न उलटा आपल्या दारावर टांगला आहे.

आणि लपवायचं म्हटलं तरी सगळ्यांना ते परवडतं कुठे? महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तलं देशपांडे घराणं आठवा. आतून सगळं पोखरलेलं आहे, दारात ट्रॅक्टर गंजत पडलाय, तरी बाहेर वाड्याचा रुबाब सांभाळायची धडपड चालू आहे. लपवायला भिंती लागतात, माजघर लागतं. आता याच्यासमोर उद्धव शेळक्यांची ‘धग’ ठेवा. १९६०ची, आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलणारी कादंबरी. तिच्यातल्या कौतिकच्या झोपडीला माजघरच नाही. नवऱ्याचं न कमावणं, पोरांचं हातून निसटणं, पुढे नवऱ्याला झालेला महारोग, सगळं गावाच्या डोळ्यांदेखत घडतं. ती बाई काही चोरून ठेवत नाही. तिच्याजवळ चोरून ठेवायला जागा नाही. गावाला सगळं ठाऊक असतं आणि तरी तिला आधार द्यायला कुणी पुढे येत नाही. शेवटी तिचं मन फुटतं. म्हणजे बघा, सगळं उघड असणं हाही काही उपाय नव्हे. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी उभ्या केलेल्या तपोवनात जी कुष्ठरोगी माणसं आली, त्यांना तिथे औषध मिळालं, काम मिळालं. पण मला वाटतं, ‘कोनाचा हायेस’ हा प्रश्न न विचारणारी जागा मिळाली, हेही औषधाइतकंच मोठं होतं.

मी रोज बडनेऱ्याहून अकोल्याला पॅसेंजरनं जायचो. त्या प्रवासात एक नवल वाटायचं. शेजारी बसलेला अनोळखी माणूस कुरूम येईपर्यंत पिकापाण्याचं बोलतो आणि मूर्तिजापूर येता येता, घरात कुणाला सांगितली नसेल अशी गोष्ट सांगून मोकळा होतो. भावानं फसवलेलं, मुलगी घर सोडून गेलेली, जमीन सावकाराकडे गेलेली. कारण त्याला ठाऊक असतं, हा मास्तर अकोल्याला उतरणार, पुन्हा भेटणार नाही. बेडेकरांची बोट आणि आमची पॅसेंजर, दोन्हींचा गुण एकच.

त्याच मूर्तिजापूरला पूर्वी ‘शकुंतला’ उभी असायची. यवतमाळहून येणारी, अचलपूरकडे जाणारी, ती अरुंद रुळांची, डुलत डुलत चालणारी गाडी. आता ती बंद आहे. पण तिचं नाव मला नेहमी विचारात पाडायचं. कालिदासाची शकुंतला दरबारात उभी राहते, तेव्हा तिच्याजवळ भूतकाळ आहे, पोटात त्याची साक्ष आहे. नाही ती फक्त अंगठी. दुष्यंत म्हणतो, मला आठवत नाही. आणि अंगठी नाही म्हणून तिची सगळी हकिगत खोटी ठरते. म्हणजे काहींचा भूतकाळ लोक उकरून काढतात, काहींवर तो शिक्क्यासारखा मारला जातो, आणि काहींना तो ओरडून सांगायचा असतो, तर ‘पुरावा आणा’ म्हणतात.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली, त्या दिवशी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिचं नाव-गाव मी सांगणार नाही. हे इथे बोलण्याआधी तिला विचारलं आहे. तिचे वडील शेतकरी. कपाशीचं दोन वर्षं काही हाती आलं नाही आणि त्यांनी जीवन संपवलं. आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत अमरावती आणि अकोला होतेच. शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळायची, पण तिला निकष होते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. चौकशी व्हायची आणि प्रकरणावर एक शब्द लिहिला जायचा, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’.

या मुलीच्या वडिलांचं कर्ज गावातल्या बिनपरवान्याच्या माणसाकडून घेतलेलं होतं. त्याचा कागद कुठला असणार? प्रकरण अपात्र ठरलं. ती म्हणाली, ‘सर, आमच्याजवळ अंगठी नव्हती.’

एवढ्यावर ते थांबलं नव्हतं. सोयऱ्यांमध्ये घरच्यांनी सांगितलं होतं, ‘त्याहिले पान लागलं.’ पान लागलं म्हणजे साप चावला. बाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगतो. आपल्या इकडे सापाचं नाव घेत नाहीत. म्हणजे शासनापुढे एक गोष्ट, सोयऱ्यांपुढे दुसरी. पहिली खरी होती, ती कुणी मानली नाही. दुसरी खोटी होती, ती सगळ्यांनी मानली. आता तिच्यासाठी स्थळ आलं होतं. आईचं म्हणणं, सांगू नको. पोरीला झोप नव्हती. तिनं विचारलं, ‘सर, सांगू का?’

मंडळी, आयुष्यभर पात्रांच्या स्वभावावर टिपणं काढणाऱ्या माणसाला हा प्रश्न फार जड होता. तिच्या आईचं चुकत नव्हतं. एकट्या बाईनं पोरीचं लग्न जमवायचं, म्हणजे काय असतं ते तिला माहीत होतं. मी एवढंच विचारलं, ‘बाई, तुला कोणाजवळ सांगावंसं वाटते?’ ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘ऐकून झाल्यावर जो आमच्या बाबाले नावं ठेवनार नाई, त्याच्याजवळ.’

साहित्यशास्त्राच्या पुस्तकांत मला याच्याइतकं नेमकं उत्तर सापडलेलं नाही. कुंतीला असा माणूस मिळाला नाही. बेणारेला मिळाला नाही. तिच्याभोवती नुसते वकील होते. हॅर्टाला मिळाला, पण त्याच्या हातून काही झालं नाही. या मुलीनं पुढे सांगितलं की नाही, हेही मी आज सांगणार नाही. ती गोष्ट तिची आहे. केव्हा सांगायची आणि कुणाला, हा हक्क तिचा आहे, आणि सांगायचीच नसेल तर तोही तिचाच.

मग वाचकानं करायचं काय? कादंबरी आपल्याला एक सोय करून देते, जी आयुष्य देत नाही. पात्राच्या मनात आपण न विचारता शिरतो, त्याचं सगळं ऐकतो आणि त्याला त्याचा त्रास होत नाही. ही एक तालीम आहे. चक्रधरला नावं ठेवण्याआधी थांबायची, बेणारेच्या खटल्यात हसू न येण्याची, कौतिकच्या दारावरून जाताना मान न वळवण्याची. ‘रणांगण’, ‘बळी’, ‘धग’ ही पुस्तकं अमरावतीच्या आणि अकोल्याच्या जुन्या वाचनालयांत आजही सापडतील. ती जरूर वाचा. आणि वाचून झाल्यावर बघा, आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत एखादा माणूस मधूनच गप्प होतो, एखाद्या गावाचं नाव निघताच उठून जातो. त्याला खोदून विचारू नका. पण त्यानं कधी सांगायचं ठरवलं, तर आपल्याजवळ यावंसं वाटेल, असं आपलं बोलणं-चालणं आहे का, एवढं मात्र स्वतःला विचारा.

लग्नाची बोलणी करताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो. त्या चौकशीत ‘बाप कशानं गेला’ हा प्रश्न आला, आणि पुढ्यातल्या मुलीनं खरं ते सांगितलं, तर तिला काय उत्तर द्यायचं, हे आपण आजच ठरवून ठेवू या. वऱ्हाडात हा प्रश्न कोणत्याही बैठकीत, कोणत्याही दिवशी येऊ शकतो.